घराच्या दारातील पोलिस : संरक्षण की बळ?

एखादी व्यक्ती घरात सुखरूप आहे किंवा नाही, याची खातरजमा करणे हेही पोलिसांचे काम होय. ते करताना घाईने बळाचा वापर झाल्यास काय घडते, हे अमेरिकेतील फोर्ट वर्थ शहरात दिसून आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका घराचे दार रात्री उघडे दिसल्याने शेजाऱ्याने काळजीपोटी पोलिसांना कळविले. तेथे गेलेल्या अधिकाऱ्याने आपण पोलिस असल्याचे न सांगताच खिडकीतून गोळी झाडली. घरातील तरुणी मृत्युमुखी पडली. डिसेंबर २०२२ मध्ये तो अधिकारी सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला.

भारतात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मे २०१८ पासून अंमलात आहे. घरातील मनोरुग्णाचा छळ वा हेळसांड होत असल्यास कलम १०१ नुसार पोलिस ठाण्याच्या प्रमुखाने दंडाधिकाऱ्यांना तत्काळ कळवावयाचे असते. कलम १०० अन्वये संरक्षणात घेतलेल्या मनोरुग्णास २४ तासांच्या आत नजीकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. कोठडीत ठेवता येत नाही.

या तरतुदींचे सूत्र स्पष्ट आहे : असहाय व्यक्ती आरोपी नव्हे. म्हणूनच दारात प्रथम ओळख सांगणे व शांतपणे संवाद साधणे, याचे प्रशिक्षण प्रत्येक पोलिस ठाण्यापर्यंत पोहोचले पाहिजे.