‘वहिनी, ही सायकलच समजा!’

ई-बाईकच्या दुकानदाराचं हे वाक्य आजही कानात वाजतं. लायसन नको, पासिंग नको, नंबरप्लेट नको, विमा नको. चार वेळा ‘नको’ ऐकून मला हायसं वाटलं होतं, हे कबूल करते. मुलगा नववीत, विश्रामबागेतला क्लास संध्याकाळी सातला सुटणार आणि माझी नोकरी पतसंस्थेत. आज जे ‘अहो, पण गाडी दिलीच कशी तुम्ही?’ असं विचारतात, त्यांच्यापैकी एकानेही त्याला कधी क्लासला सोडलं नव्हतं.

जुलैमध्ये शंभर फुटी रस्त्यावर त्याने सायकलवरच्या एका आजोबांना धडक दिली. मुलाच्या हनुवटीला चार टाके पडले, आजोबांचं खांद्याजवळचं हाड मोडलं. ‘पोराच्या गाडीचा आवाजच आला नाही हो,’ एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत होते. त्यांच्या ऑपरेशनचा खर्च आम्ही केला. करायलाच हवा होता, त्याबद्दल कुरकुर नाही.

कुरकुर आहे ती पुढची. पोलीस ठाण्याच्या आवारात आरटीओचे निरीक्षक गाडी तपासायला आले. मी मोठ्या विश्वासाने गाडीवरचं स्टिकर दाखवलं: २५० वॉट, ताशी २५ किमी. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उकिडवे बसले, मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या मोटरवरचा चिखल फडक्याने पुसला, मोबाइलचा उजेड धरला आणि म्हणाले, “ताई, वाचा.” धातूवर कोरलं होतं, ६० व्होल्ट, १००० वॉट. मग सीट उचलून वायरींच्या गुंत्यातून त्यांनी एक पांढरा कनेक्टर ओढून काढला. दोन्ही टोकं सुटी. “हे स्पीडचं लॉक. कुणी काढलं?”

मुलगा खाली मान घालून पुटपुटला, “पहिल्या सर्व्हिसिंगला दुकानातल्या दादांनीच काढलं. सगळ्यांचंच काढतात.”

तेव्हा मला आठवलं. एकदा त्याच्या मागे बसून मी गणपती मंदिरात गेले होते, आणि मीटरवर ४४ दिसले होते. ‘चायनाचा मीटर, काहीही दाखवतो,’ असं मीच म्हणाले होते. तेवढं एक सोडलं, तर माझं काय चुकलं ते कुणीतरी सांगावं.

मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच अशी स्कूटर कायद्याच्या लेखी ‘मोटार वाहन’ नसते. त्यापुढे गेली की ती सरळसरळ मोटार वाहन. नोंदणी हवी, हिरवी नंबरप्लेट हवी, विमा हवा, चालवणाऱ्याकडे लायसन हवं. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं म्हणणारे शेजारी ५० सीसीच्या बिनगिअरच्या गाडीबद्दल बोलत असतात, आणि आमचा मुलगा तर चौदाचा. अल्पवयीन मुलाने अशी गाडी चालवली, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९ अ पालकाला किंवा मालकाला दोषी धरतं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे मीच सिद्ध करायचं. गाडीची नोंदणीही बारा महिने रद्द करतात म्हणे. नोंदणी झाली असती तर केली असती बिचाऱ्यांनी.

आमचे हे दुकानात गेले, तर तो हात झटकून मोकळा. “आम्ही पंचविसाचीच दिली होती. पोरानेच उघडली असणार.” बिलावर फक्त ‘ई-बाईक, १ नग’. सर्व्हिसिंगचं कार्ड ‘बघू’ म्हणून त्याने मागून घेतलं आणि गल्ल्यात टाकलं. ते परत मिळालं नाही.

म्हणून सांगते, प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा, कार्डाच्या पाठीमागचासुद्धा. बिलावर मॉडेलचं नाव, मोटरचे वॉट आणि कमाल वेग लिहून घ्या. लिहायला का-कू केली, तर तिथूनच माघारी फिरा. त्या मॉडेलचं पुण्याच्या एआरएआयचं किंवा तशाच मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र मागा. स्टिकर कुणीही छापतं, त्यामुळे चाकावरचा आकडा स्वतः वाचा. दर सर्व्हिसिंगनंतर मोठ्या माणसाने गाडी रिकाम्या रस्त्यावर पूर्ण पिळून बघावी, वेग मोबाइलवर मोजावा. पंचविसाच्या वर गेली, तर सीट उचला.

हेल्मेट घ्या, आयएसआयचं, मुलाच्या डोक्याच्या मापाचं. बाबांचं जुनं हेल्मेट हनुवटीपाशी लोंबतं आणि पडताना आधी तेच उडतं. आमच्याकडे तेच झालं. मागे मित्र बसवू नये, कानात गाणी नकोत, वगैरे तुम्हालाही ठाऊक आहेच. वळणावर हॉर्न मात्र वाजवायला लावा. या गाडीची चाहूलच लागत नाही. आणि गाडी खरोखर पंचविसाचीच असली, तरी मुलाला निदान वर्षभर कॉलनीच्या आतच चालवू द्या.

केस अजून चालू आहे. बिल माझ्या नावावर, म्हणून तारखाही माझ्याच. मागच्या सोमवारी दुकानातून मेसेज आला, ‘तुमची दुसरी फ्री सर्व्हिसिंग बाकी आहे, कधी येता?’ मी कळवलं, गाडी पोलीस ठाण्यात लिंबाखाली उभी आहे, पाने घेऊन तिकडेच या.