काळा पडदा, तरी बॅटरी खाली

प्रश्न : डोळखांबजवळच्या पाड्यावर मी अंगणवाडी सेविका आहे. दिवसभर मोबाइलवर नोंदी भरते. भाचीने डार्क मोड लावून दिला, तरी दुपारीच बॅटरी उतरते. असं का?

उत्तर : ताई, रात्री दिवा मालवून, ब्राइटनेस पूर्ण ठेवून काळाकुट्ट फोटो उघडा. पडदा करडा उजळला तर तो एलसीडी. त्याच्यामागचा दिवा जळतच राहतो, काळ्या रंगाने फारसं काही वाचत नाही. ओएलईडीत मात्र काळा ठिपका विझलेलाच असतो. पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात तिथेही पूर्ण ब्राइटनेसला ३९ ते ४७ टक्के बचत दिसली, ३० ते ५० टक्क्यांना जेमतेम ३ ते ९. तेव्हा नोंदी पडवीच्या सावलीत भरा, ब्राइटनेस उतरवा. शिवाय डोंगराआड रेंज गेली की फोन टॉवर धुंडाळत बॅटरी खातो. तिथे एअरप्लेन मोड लावा.