घरात काय आहे? : विधवेचे तेल आणि पाड्यावरचे कर्ज

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७; नहेम्या ५:१-१३



या तिमाहीच्या अभ्यासाचा उतारा रविवार-शाळेपासून आपल्या ओळखीचा आहे. भांड्यामागून भांडे भरत गेले तरी तेल आटले नाही, हा चमत्कार आपल्याला पाठ आहे. आज मात्र पहिल्याच वचनापाशी थोडे थांबू या. ही गोष्ट कर्जापासून सुरू होते. देवाचे भय धरणारा नवरा वारला आहे, देणे मागे राहिले आहे आणि सावकार दोन मुलांना दास करून न्यायला आला आहे. पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर फिरणाऱ्याला हे वचन जुन्या काळातले वाटत नाही.

१. कर्ज माणसाला कसे बांधते

आपल्या भागाच्या इतिहासात ‘लग्नगडी’ असा एक शब्द आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे. हिशोबाची वही जमीनदाराकडे, राबणाऱ्याला अक्षर येत नाही. मग फेड संपणार कशी? १९४५ साली डहाणू-तलासरीकडचे वारली या वेठीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती हकिगत आहे. पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी हा गुन्हा ठरला आणि वेठीपोटीचे कर्जही रद्द झाले.

कायदा झाला, पण गरज संपली नाही. भाताची कापणी उरकली की पाड्यावर हाताला काम राहत नाही. पावसाळ्यात आजारपणाला, घर शाकारायला किंवा लग्नाला मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते. आठवड्याला खर्ची मिळते आणि हजार विटांमागे ठरलेल्या दराने हिशोब हंगामाच्या शेवटी होतो. उचल आणि खर्ची वजा जाता हाती थोडेच उरते; कधी उलट बाकी निघते आणि ती पुढच्या वर्षावर चढते. मुले आईबापांबरोबर भट्टीवर जातात आणि शाळेचा पट रिकामा होतो. विधवेच्या दारात उभा राहिलेला सावकार आपली मुले नेणार होता. आजचे कर्जही शेवटी मुलांवरच येते.

२. अलीशाने विचारलेला प्रश्न

अलीशाने तिला आधी विचारले, की तुझ्या घरात काय आहे. काहीच नाही, असे ती म्हणाली आणि मग तिला तेलाची एक कुपी आठवली. देवाने त्या कुपीतूनच काम केले.

आपण मदत घेऊन जातो तेव्हा पाड्यावर काय नाही याचीच यादी करतो. काय आहे याची यादी करून पाहा. पहिल्या पावसानंतर शेवळं, कोरळ, टाकळा अशा रानभाज्या ओळखून आणणाऱ्या बाया आहेत. मोह आहे, बांबूचे काम आहे, घरच्या कोंबड्या आहेत. जव्हार-विक्रमगडकडे मोगरा आहे. वारली लग्नात विधी सांगणारी धवलेरी ही स्त्रीच असते, म्हणजे चारचौघांसमोर बोलणारी बाई या समाजाला नवी नाही. बचत गटाच्या बैठकीत तीच हिंमत कामी येते.

३. शेजारणींची भांडी

तेल तिचे होते, पण भांडी शेजाऱ्यांची होती. आणि थोडी आणू नकोस, असे अलीशाने बजावले होते. एकटीच्या कुपीला शेजार लागतो. बचत गटाचे मर्मही हेच आहे. दहा ते वीस जणींचा गट असतो आणि त्याचे नियम पाच : नियमित बैठक, नियमित बचत, गटातच कर्ज देणे, वेळेवर परतफेड आणि लिहून ठेवलेला हिशोब.

एक हिशोब मांडून पाहू. बारा जणींनी महिन्याला ५० रुपये टाकले, तर वर्षाला ७,२०० रुपये जमतात. शहरात ही रक्कम लहान वाटेल. पण पावसाळ्यात तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायला हजार रुपये गटाच्या पेटीतून मिळाले, तर मुकादमाचे दार ठोठवावे लागत नाही. गट व्याज घेतो, पण ते त्या बारा जणींच्याच पेटीत राहते. आणि वही त्यांच्यापैकीच कोणीतरी लिहिते. लग्नगड्याच्या हातात जी वही कधी आली नाही, ती आता सुनेच्या हातात आहे.

इथे एक सावधगिरी हवी. सहज मिळणारे प्रत्येक कर्ज म्हणजे सुटका नव्हे. आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणारे आता पाड्यापर्यंत पोहोचले आहेत आणि एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचे कर्ज घेणाऱ्या बाया आपण पाहतो. अलीशाने सांगितलेला क्रम असा होता : तेल विक, आधी देणे फेड, मग उरलेल्यावर मुलांसह जग. नवे देणे करायला त्याने सांगितले नाही.

४. लावून घेतलेले दार

भांडी भरताना तिने दार लावून घेतले होते. आत ती आणि तिची मुले होती, संदेष्टाही नव्हता. देणाऱ्याने आपला हात दाखवू नये, एवढा बोध यातून घ्यायला हरकत नाही. ब्लँकेट देताना बाईला फोटोसाठी उभे करणे, मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला येण्याची अपेक्षा धरणे, यात तिचा मान राहत नाही. देवाची कृपा अट घालून मिळत नाही. तिच्या नावाने दिलेली मदतही तशीच असावी.

५. सावकार कोण होता?

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक आपल्या बायकांसह आक्रोश करतात. धान्यासाठी शेते गहाण पडली आहेत, मुलेमुली दास्यात गेली आहेत. घेणारे कोण होते? त्यांचेच भाऊबंद. नहेम्या संतापला, पण त्याने मनाशी विचार केला आणि मग सर्वांसमोर जाब विचारला. आपणही पैसा व धान्य उसने दिले आहे, हे त्याने त्याच सभेत सांगितले आणि व्याज सोडून देऊ या, असे म्हटले. शेते त्याच दिवशी परत करायला लावली.

आपल्या मंडळीत ठेकेदार आहेत, घरकामाला बाई ठेवणारी कुटुंबे आहेत, तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटी माणसे लावणारे आहेत. गटाला देणगी द्यायची आणि मजुरी मात्र थकवायची, हे या अध्यायात बसत नाही. बोईसरच्या बाजारात रानभाजीच्या जुडीमागे पाच रुपये कमी करून घेताना हीच गोष्ट आठवावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपली मदत घेणाऱ्यांना ‘तुमच्याकडे काय आहे’ असे आपण कधी विचारले आहे का?
२. आपल्याकडे काम करणाऱ्या कोणाची मजुरी किंवा हिशोब राहिला आहे का? तो कोणत्या तारखेला पुरा करणार?
३. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले मागे राहून शिकावीत, यासाठी आपली मंडळी काय देऊ शकते : जागा, जेवण की वेळ?

प्रार्थनेसाठी

या हंगामात उचल न घेता घरी राहू पाहणाऱ्या कुटुंबांसाठी, गटाची वही लिहायला शिकणाऱ्या भगिनींसाठी, आणि देणे आपल्या हाती आहे अशा आपणा सर्वांसाठी प्रार्थना करावी. आमेन.