जुन्या पेट्रोल ट्रकची वाढलेली गती व कार्ब्युरेटरची जुळणी

भाताची झोडणी उरकून पोती शिवली गेली म्हणजे भुशी व आसपासच्या मावळ भागात मालमोटारींना काम लागते. आजच्या बहुतेक मालमोटारी डिझेलवर चालतात व त्यांना कार्ब्युरेटर नसतो. परंतु कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात एके काळी जुळविलेल्या डॉज किंवा फार्गो जातीचा पेट्रोल ट्रक ज्यांनी राखून ठेवला आहे, त्यांना पावसाळाभर उभी असलेली गाडी बाहेर काढताना एक दोष पुष्कळदा आढळतो. अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय उचलला तरी इंजिनाची गती उतरत नाही. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्यांवर शांतपणे चालावयाचे, ते दुपटीने घोंघावत राहते.

पेट्रोल वाया जाते हा यातील लहान तोटा होय. लोणावळ्याहून खोपोलीकडे जाताना बोरघाटात पाचशे मीटरांहून अधिक उतरावे लागते. अशा उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाच्याच रोखीने भरलेली गाडी आवरावयाची असते. थ्रॉटलची झडप पुरती मिटत नसेल तर ही रोख कमी पडते, सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर धरत नाहीत.

गती वाढली की गतीचा स्क्रू मागे फिरविण्याची घाई केली जाते. स्क्रू सहसा आपणहून आत जात नाही. काल बरोबर असलेली गती आज वाढली, तर बिघाड अन्यत्र आहे असे समजावे. भुशीच्या पावसात अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्यांचे सांधे गंजतात, त्यांत चिखल बसतो व परतीची स्प्रिंग सैल पडते. म्हणून प्रथम इंजिन बंद ठेवून सांधे पुसावेत, तेल द्यावे आणि थ्रॉटलची तरफ हाताने उघडून सोडावी. ती खटकन मिटली पाहिजे. चोकची कळ पूर्ण आत आहे की नाही हेही पाहावे, कारण पुष्कळ कार्ब्युरेटरांत चोक ओढला असता थ्रॉटलही किंचित उघडते.

यानंतर इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून तापू द्यावे. गतीचा स्क्रू तरफेला टेकेनासा होईपर्यंत मागे घ्यावा व किती फेरे घेतले ते मोजून ठेवावे. निर्दोष इंजिन या वेळी बंद पडते किंवा बंद पडण्याच्या बेतात येते. झडप मिटलेली असूनही ते जोराने चालत राहिले, तर हवा दुसऱ्या वाटेने आत शिरत आहे. कार्ब्युरेटरच्या बुडाचे पॅकिंग, शोषनळीचे सांधे, हवेच्या ओढीवर चालणाऱ्या वायपरची रबरी नळी आणि ब्रेकला साहाय्य करणाऱ्या निर्वात यंत्रणेची नळी या गळतीच्या नेहमीच्या जागा होत. एकेका सांध्यावर तेलाच्या बुधलीतून थोडे इंजिन तेल सोडावे. जेथे गती क्षणभर उतरते तेथे गळती आहे. या कामी पेट्रोल शिंपडणे हा शुद्ध अविचार आहे. या इंजिनांत धूर बाहेर नेणारी तप्त नळी शोषनळीला लागूनच असते व क्षणात भडका उडू शकतो. ब्रेकची नळी चिरलेली आढळल्यास ती बदलल्याखेरीज गाडी हलवू नये, कारण त्याच चिरेमुळे ब्रेकचे बळही घटते. थ्रॉटलच्या दांडीची भोके झिजली असल्यास पॅकिंग बदलून भागत नाही. मिस्त्रीकडून नवे बुश बसवून घ्यावेत.

गळती बंद झाल्यावरच जुळणीस हात घालावा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्यावा. आवळल्यास त्याच्या टोकाला वळ पडतो आणि पुढे जुळणी नीट बसत नाही. तेथून तो एक ते दीड फेरा बाहेर घ्यावा व इंजिन चालू करावे. इंजिन बंद पडू लागल्यास गतीचा स्क्रू थोडा आत घ्यावा. मग मिश्रणाचा स्क्रू दोन्ही बाजूंस थोडा थोडा फिरवून इंजिन कोठे अडखळते ते पाहावे आणि मधल्या, सर्वांत एकसारख्या चालीवर तो ठेवावा. यानंतर गतीच्या स्क्रूने फेरे गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यावर आणावेत. एका स्क्रूच्या फेरबदलाने दुसऱ्याची जुळणी बदलते, यास्तव ही क्रिया दोन-तीन वेळा करावी लागते.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच असल्याने येथील हवा विरळ आहे. येथे जुळविलेल्या इंजिनाला खोपोलीच्या दाट हवेत मिश्रण थोडे कमी पेट्रोलाचे पडते. तेथे चाल अडखळल्यास मिश्रणाचा स्क्रू पाव फेऱ्याहून अधिक हलवू नये, व घाट चढून परतल्यावर तो पूर्वीच्या जागी आणावा.