उन्हाळ्याची सुटी आणि वाडीचा मेवा

शेतकऱ्यास सुटी कसली, असा प्रश्न आपल्यांत नेहमीं विचारला जातो, आणि तो खोटा नाहीं. झाडास पाणी लागतें तें रविवारींही लागतेंच. तथापि वसई-विरारच्या किनाऱ्यावरील वाडींत वर्षांतून एक वेळ अशी येते कीं, तेव्हां हात थोडे मोकळे होतात. भाजीचा भर ओसरलेला असतो, भाताचें रोप टाकण्यास अवकाश असतो, शाळा बंद असतात, आणि मुंबईस नोकरीवर असलेलीं मुलें-सुना चार दिवस घरीं येतात. वैशाख उतरूं लागल्यापासून जूनच्या सात-आठ तारखेस मृग लागेपर्यंतचा हा काळ होय. या दिवसांत घरच्या मंडळींस काय खाऊं घालावें, आणि त्या खाण्याचा आपल्या शेतीशीं संबंध काय, याचा विचार आज करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय करमणुकीचा वाटला तरी त्यांत धंद्याचा प्रश्न आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जें पीक घरच्या ताटांतून जातें तें पुढें वाडींतूनही जातें. बाजारास फारसें नको असलेलें झाड केवळ घरच्या आवडीवर जगत असतें. ती आवड मुलांस लागली नाहीं, तर त्या झाडास वाली उरत नाहीं.

वाडीचा प्रदेश :— दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी, पश्चिमेस समुद्र व पूर्वेस तुंगारचा डोंगर, यांच्या मध्यें वसई तालुका वसलेला आहे. रेल्वेच्या पश्चिमेस रेताड जमिनीचा पट्टा असून त्यांत केळी, नारळ, पानवेली, फुलें व भाजीपाला यांच्या वाड्या आहेत. १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. त्याच लोहमार्गानें वाडीचा माल मुंबईस जात आला आहे, आणि त्याच मार्गानें उन्हाळ्यांत मुंबईकर अर्नाळा, राजोडी, कळंब व भुईगांव येथील किनाऱ्यांवर येतात. सांवलींत बसावें, ताडगोळे खावे, वाऱ्यावर फिरावें, एवढ्यासाठीं ते पन्नास-साठ किलोमीटर येतात व पैसे खर्च करितात. आपल्याकडे हें सर्व कुंपणाच्या आंत आहे. आणि आपलीं मुलें मात्र दुकानांतील थंड बाटलीकडे व पुड्यांतील तळणाकडे डोळे लावून बसतात. यांत मुलांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. वाडीचा मेवा त्यांच्यापुढें कोणी हौसेनें ठेवीत नाहीं, हें खरें कारण होय.

ताडगोळे :— मे महिन्याचा खरा मेवा ताडगोळा. ताडाचें नर झाड वेगळें व मादी झाड वेगळें. फळ येतें तें मादी झाडासच. एका फळांत बहुधा तीन गोळे असतात, कधीं दोन, कधीं एक. घड लवकर उतरविला तर गोळ्यांत नुसतें पाणी मिळतें. उशीर झाला तर गर चिवट होतो व पुढें नारळासारखा कठीण होतो. बोटानें दाबतांच दबणारा, अर्धपारदर्शक व आंत पाणी राखून असलेला गोळा उत्तम समजावा. फळांतून काढलेला गोळा त्याच दिवशीं संपवावा. ठेवणें भाग पडल्यास वरची पातळ साल काढूं नये, म्हणजे तो लवकर सुकत नाहीं.

ताडाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बीं पेरल्यापासून फळ येण्यास बारा-पंधरा वर्षें किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. आज आपण जे गोळे खातों ते आपल्या आजोबांनीं राखलेल्या झाडांचे आहेत. नवीन ताड कोणी लावीत नाहीं. जुने मात्र घराच्या पायासाठीं व रस्त्यासाठीं तुटत आहेत. त्यांतच ताडावर चढणाऱ्या भंडारी मंडळींचीं मुलें दुसऱ्या उद्योगांत गेल्यामुळें घड उतरविण्यास माणूस मिळत नाहीं, आणि फळ झाडावरच पिकून गळतें. पावसाळ्यांत असें गळलेलें पिकें फळ आढळल्यास त्याचें बीं कुंपणाच्या कडेस कायमच्या जागींच पुरावें. ताडाचें मूळ प्रथमपासून खोल जातें, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लाविल्यास तें सहसा जगत नाहीं.

नीरा :— ताड, माड व शिंदी यांचा ताजा रस म्हणजे नीरा. तिच्यांत शेंकडा दहा-बारा भाग साखर असते. मडकीं रात्रीं झाडास बांधून सूर्योदयापूर्वीं उतरवावीं लागतात, कारण उष्णता वाढतांच रसांत आंबण्याची क्रिया सुरू होते व नीरेची ताडी होते. मडक्यास आंतून चुन्याचा हात दिल्यानें ही क्रिया मंदावते. नीरा काढणें व विकणें या गोष्टी १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं येत असल्यामुळें परवान्यावांचून त्या करूं नयेत. परवानेदाराकडील नीरा पहाटे आणून उन्हें वर येण्यापूर्वीं सर्वांनीं मिळून पिणें, हें मात्र सुटीच्या दिवसाचें उत्तम उद्घाटन होय.

सुकेळीं :— या तालुक्याचें नांव ज्या पदार्थानें दूरवर गेलें तो पदार्थ म्हणजे सुकेळें. त्यांतही आगाशीच्या सुकेळ्यांचा लौकिक जुना आहे. सुकेळें राजेळी जातीच्या केळ्याचें करितात. वेलची व बसराई या ताज्या खाण्याच्या जाती होत. राजेळीचा गर घट्ट असल्यामुळें वाळल्यावरही फळाचा आकार व चव राहते. हल्लीं पुष्कळ घरीं सुकेळीं विकत आणून पाहुण्यांस देतात. आमची सूचना अशी कीं, प्रत्येक वाडीवाल्यानें सुटींत निदान एका घडाचीं सुकेळीं घरीं करावीं, व तें काम मुलांच्या हातांनीं करवावें. कृति पुढीलप्रमाणें आहे.

घड झाडावर पूर्ण भरल्यावरच कापावा. तो बंद खोलींत पेंढ्याखालीं झांकून सावकाश पिकूं द्यावा. कॅल्शियम कार्बाइडचा उपयोग बिलकुल करूं नये. त्यास कायद्यानें बंदी आहे, शिवाय त्यानें साल पिवळी होते पण गर कच्चा राहतो, आणि तशा केळ्याचें सुकेळें बेचव होतें. केळीं नीट पिकलीं म्हणजे सालें काढून फळें अखंड ठेवावीं व जमिनीपासून उंच मांडलेल्या माचावर स्वच्छ चटई घालून एकमेकांस न लागतील अशीं पसरावीं. दिवसां तीं एक-दोन वेळां उलटावीं. संध्याकाळीं सर्व गोळा करून केळीच्या वाळलेल्या पानांत गुंडाळून ठेवावीं. ही रात्रीची बांधणी फार महत्त्वाची आहे. तिच्या योगानें आंतील ओल बाहेरच्या भागांत उतरते, व दुसऱ्या दिवशीं ती उन्हानें उडून जाते. बांधणी न करितां सारखें कडक ऊन दिल्यास वरची बाजू कातड्यासारखी होते, आंत ओल कोंडते, आणि पुढें बुरशी धरते. असें सात-आठ दिवस केल्यावर फळ मधाच्या रंगाचें होतें, वांकविलें असतां मोडत नाहीं, व दाबलें असतां रस सुटत नाहीं. तेव्हां सुकेळें तयार झालें असें समजावें. मग तीं वाळलेल्या पानांतच घट्ट बांधावीं. कोरड्या जागीं कित्येक महिने टिकतात.

केळ्याच्या गरांत सुमारें तीन-चतुर्थांश पाणी असतें. म्हणून तीन किलो सोललेल्या केळ्यांचीं सुकेळीं साधारणपणें एक किलोच भरतात. सुकेळ्याची किंमत अधिक कां, याचा उलगडा मुलांस या एकाच वजनानें होईल. आठ दिवसांचे कष्ट, आभाळाची काळजी व एक-तृतीयांश उतारा, एवढें हिशेबांत धरल्यावर भाव महाग म्हणवत नाहीं. मेअखेरीस हवा दमट होऊं लागते, यास्तव हें काम महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत उरकून घ्यावें.

दुपारचें जेवण :— उन्हाळ्यांत जड जेवण नको. तांदळाच्या पिठाची पानगी या दिवसांस फार योग्य आहे. दोन वाट्या पीठ, दोन पिकलेलीं केळीं कुसकरून, चवीपुरता गूळ, चिमूटभर मीठ व लागेल तसें नारळाचें दूध एकत्र कालवावें. केळीच्या पानाच्या तुकड्यास तेलाचा हात लावून त्यावर हें मिश्रण पातळ थापावें, वर दुसरें पान ठेवावें, आणि मंद विस्तवावर तव्यावर दोन्ही बाजूंनीं भाजावें. पान करपूं लागलें व सहज सुटलें म्हणजे पानगी झाली. पानाचा वास हाच तिचा मसाला. जोडीस कैरीचें पन्हें असावें. खाणारांनीं भात, कैरी घातलेलें सुक्या बोंबलाचें कालवण व कांदा घ्यावा. फणसाचे गरे खाऊन झाल्यावर आठळ्या टाकूं नयेत. धुऊन, वाळवून, मातींत घोळवून ठेविल्यास पावसाळ्यांत भाजी नसेल त्या दिवशीं उपयोगी पडतात. डोंगराकडील आदिवासी बायका करवंदें व जांभळें पानांच्या द्रोणांतून विकावयास आणतात. त्यांच्याशीं घासाघीस न करितां तीं घ्यावीं. तोही आपल्यासारख्याच कष्टाचा माल आहे.

बावखल :— वाडीच्या सुखांतील शेवटचें व सर्वांत मोठें सुख म्हणजे बावखलाचा कांठ. बावखल म्हणजे वाडींत खणलेलें गोड्या पाण्याचें तळें. पूर्वीं त्याच्या कांठीं रहाट असे, बैल फिरत, मुलें पोहत, गळ टाकून बसत. वडील माणूस जवळ असल्यास मुलांनीं आजही तेथें पोहावें. पोहणें शिकण्यास याहून चांगली शाळा नाहीं.

परंतु बावखल केवळ डुंबण्यासाठीं नाहीं. समुद्राकांठच्या जमिनींत पावसाचें गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. शास्त्राचें गणित असें कीं, समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडें पाणी असेल तर सपाटीखालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी टिकतें. अर्थात् वरची पातळी फूटभर उतरली तर खालून खारें पाणी किती चढेल याचा विचार ज्याचा त्यानें करावा. बावखल पावसाचें पाणी धरून तें जमिनींत मुरविते व ही पातळी राखते. मागील शतकाच्या अखेरच्या दशकांत विहिरींचें पाणी टँकरांनीं वाढत्या वस्तीकडे गेलें, वाड्यांवर इमारती आल्या, आणि पुष्कळ बावखलें भरावानें बुजलीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हरित वसईची चळवळ उभारली ती याच चिंतेनें. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली, २०१४ सालीं पालघर जिल्हा झाला. कारभार बदलला, पण खाऱ्या पाण्याचें गणित बदललेलें नाहीं. विहीर खारावली कीं प्रथम पानवेल जाते, मग केळ जाते, आणि केळ गेल्यावर सुकेळें व पानगी या गोष्टी केवळ सांगण्यापुरत्या उरतात.

म्हणून मेअखेर बावखलाचें पाणी तळास गेलें असतां घरच्या सर्वांनीं एक-दोन दिवस त्यांतील गाळ काढावा. तो गाळ नारळाच्या आळ्यांत घालावा. खताचें खत होतें आणि पाण्यास जागा होते. भागीदारींतील बावखल असल्यास सर्व भागीदारांनीं एकत्र बसून हें काम ठरवावें. वाटणीचा तंटा मिटेपर्यंत गाळ थांबत नाहीं.

सारांश :— यंदाच्या सुटींत सभासद बंधु-भगिनींनीं चार गोष्टी कराव्या. एका घडाचीं सुकेळीं घरीं करावीं; वाडीच्या कोपऱ्यांत राजेळीचीं चार मुनवें राखावीं; ताडाच्या बियांसाठीं कुंपणाची जागा आंखून ठेवावी; आणि बावखलाचा गाळ उपसावा. कामाच्या मधल्या वेळांत पानगी खावी, गोळे फोडावे, संध्याकाळीं मुलांस वसईच्या किल्ल्यांत किंवा किनाऱ्यावर फिरवून आणावें. यांस खर्च थोडा येतो. मुलांस ज्या जागीं सुख लाभलें ती जागा विकतांना मोठेपणीं त्यांचा हात थोडा तरी अडखळतो, असें आमच्या पाहण्यांत आहे. आणि आज वाडीस तेवढ्या अडखळण्याचीही गरज आहे.