टाकाऊतून टिकाऊ: मेलेल्या हार्ड डिस्कची तिजोरी

हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये जा आणि कॉटखाली वाकून बघा. एक फुटका माउस, दोन-तीन चार्जर, कुठल्या तरी सीनियरने वारसाहक्काने सोडलेला कॅबिनेट आणि त्यात हमखास एक मेलेली हार्ड डिस्क! फेकवत नाही, कारण कधी काळी पैसे मोजून घेतलेली असते. वापरता येत नाही, कारण चालू केली की 'टक्... टक्...' एवढंच बोलते. शेवटी ती दरवाजा वाऱ्याने आपटू नये म्हणून अडकवायला कामी येते.

आम्ही अशाच एका ४० जीबीच्या मयत डिस्कच्या पोटात दोन जुने पेन ड्राइव्ह आणि एक हब बसवून 'विंगची तिजोरी' तयार केली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, भंगार ठेवलंय. वायर लॅपटॉपला लावली की दोन ड्राइव्ह दिसतात, १६ आणि ३२ जीबीचे. म्हणजे डिस्क जिवंतपणी ४० ची होती, मेल्यावर ४८ ची झाली! हा लेख म्हणजे त्याची कृती. करमणूक तर आहेच, पण निम्मा अभ्यासक्रम यात हाताखालून जातो.

हे सुचलं कशावरून?

आमच्या विंगमधल्या फायनल इयरच्या एका ग्रुपचा प्रोजेक्ट रिपोर्ट एकाच पेन ड्राइव्हवर होता. सबमिशनला दोन दिवस उरलेले. पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावलेला असताना कुणाचा तरी गुडघा लागला आणि कनेक्टर वाकून तुटला. चौघांचे चेहरे बघवत नव्हते. मेसचं जेवण तसंच राहिलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मित्राने कव्हर उघडून भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "अरे, चिपला काही झालेलं नाही. फक्त चार टाके तुटलेत." त्याने चार बारीक वायरी जोडल्या, ड्राइव्ह दिसला, आणि पहिलं काम म्हणून सगळा डेटा दोन ठिकाणी उतरवून घेतला. रिपोर्ट वाचला, पण त्या उघड्यावाघड्या, वायरी लोंबणाऱ्या पेन ड्राइव्हला आता घर हवं होतं. तेव्हा दरवाज्यापाशी पडलेल्या डिस्ककडे माझी नजर गेली.

आधी थोडी थिअरी

आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावत होती फक्त ५० लाख अक्षरं. आज मोबाइलचा एक फोटो तेवढी जागा खातो. तत्त्व मात्र तेच राहिलं: फिरणारी तबकडी, तिच्यावर चुंबकीय थर आणि त्यावरून सरकणारं हेड.

७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. साडेतीन इंची डिस्कची तबकडी सुमारे ९५ मिलिमीटर व्यासाची असते. गणित करून बघा: तिची कड ताशी जवळपास १३० किलोमीटर वेगाने पळते. आणि हेड तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवरून, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. आपला केस पन्नास हजार नॅनोमीटरहून जाड. म्हणजे धुळीचा कण हेडसाठी रस्त्यातला डोंगरच! म्हणून एक नियम पाठ करा: ज्या डिस्कमधला डेटा अजून हवा आहे, तिचं झाकण रूममध्ये कधीही उघडू नका. एकदा उघडली की दुरुस्ती करणाऱ्याच्याही हातातून गेली.

पेन ड्राइव्हमध्ये फिरणारं काहीच नसतं. त्यातली फ्लॅश मेमरी जपानमधल्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. तिच्यात डेटा म्हणजे चारी बाजूंनी कोंडलेला विद्युतभार. वीज गेली तरी तो आत राहतो. पेन ड्राइव्ह २००० साली बाजारात आले तेव्हा त्यांची क्षमता होती ८ एमबी.

इथे ज्युनियर हमखास विचारतात, "हार्ड डिस्कमधल्या चुंबकाने पेन ड्राइव्ह पुसला जाईल का?" नाही. फ्लॅशमधला डेटा चुंबकीय नाहीच. चुंबक काढायचे ते फक्त जागेसाठी.

साहित्य

साडेतीन इंची मेलेली डिस्क (लॅपटॉपची अडीच इंची नको, जागा पुरत नाही आणि तिच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात), दोन पेन ड्राइव्ह, चार पोर्टचा साधा यूएसबी २.० हब, जुन्या प्रिंटरची यूएसबी केबल, सहा पाकळ्यांचे टॉर्क्स स्क्रू ड्रायव्हर (बहुतेक डिस्कना टी-८ लागतो, काहींना टी-६), २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप आणि दोन प्लॅस्टिकचे टाय. जवळ नसलेलं ईटीसीच्या लॅबमध्ये गोड बोलून मिळतं.

डिस्क मात्र स्वतःची घ्या. लॅबच्या कोपऱ्यात पडलेले पीसी कितीही मेलेले दिसोत, ते डेड स्टॉक रजिस्टरवर असतात. शिवाय ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार मोठ्या संस्थांना असा माल नोंदणीकृत उत्पादक, रिसायकलर किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावा लागतो. सर "घेऊन जा" म्हणाले तरी ते त्यांच्या हातात नसतं.

पोस्टमार्टेम

झाकणाचे सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका. एक-दोन स्क्रू लेबलखाली लपलेले असतात. बोटाने लेबल दाबत जा, खड्डा लागेल तिथे स्क्रू आहे. आत आरशासारखी तबकडी दिसली की रूममधले सगळे गोळा होतात, हा अनुभव आहे.

आधी वरचा चुंबक काढा. हे निओडिमियमचे चुंबक लोखंडी पट्टीवर चिकटवलेले असतात आणि दोन चुंबक एकमेकांवर आपटले तर मध्ये आलेलं बोट चांगलंच चिमटतं. तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हरने बाजूने हळू उचकटा. मग हेडचा दांडा, त्याची रिबन आणि शेवटी तबकड्या. मोटर काही डिस्कमध्ये स्क्रूने बसवलेली असते, काहींत बेसमध्ये दाबून बसवलेली. दुसऱ्या प्रकारची निघत नाही. राहू द्या, तिच्या शेजारी जागा पुरते.

तबकड्यांचं काय करायचं? हा प्रश्न गमतीचा नाही. डिस्क 'मेली' म्हणजे बऱ्याचदा तिचा सर्किट बोर्ड किंवा मोटर मेलेली असते. तबकडीवरचा डेटा जसाच्या तसा असतो. आणि आपल्या डिस्कवर काय असतं? आधार कार्डाचा स्कॅन, स्कॉलरशिपचे फॉर्म, वडिलांचं बँक पासबुक, घरचे फोटो. भंगारवाल्याला अख्खी डिस्क देणं म्हणजे घराची किल्ली लावून घर विकणं. तेव्हा तबकडीवर दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपर घासा आणि ती वाकवा. काचेची असेल तर वाकवायच्या भानगडीत पडू नका, जाड कापडात गुंडाळून डोळ्यांवर गॉगल लावूनच फोडा.

पेन ड्राइव्हचे टाके

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार वायरी: लाल म्हणजे +५ व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी डेटा मायनस, हिरवी डेटा प्लस. हे झालं पुस्तकातलं. स्वस्तातल्या केबलमध्ये रंगांवर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर पिनपासून वायरीपर्यंत प्रत्येक लाइन तपासा. डेटाच्या दोन वायरी उलटसुलट झाल्या तर ड्राइव्ह फक्त ओळखला जात नाही. लाल-काळी उलटली तर मात्र चिप गेलीच म्हणून समजा.

केबल प्रिंटरचीच का? कीबोर्ड-माउस फक्त १.५ मेगाबिट वेगाने बोलतात, त्यामुळे त्यांच्या वायरीत डेटाची जोडी पिळलेली नसली तरी चालतं. पेन ड्राइव्हला ४८० मेगाबिटचा वेग हवा, तिथे ती पिळलेलीच लागते. चार्जिंगच्या काही केबलमध्ये तर डेटाच्या वायरीच नसतात! जोडताना पीळ शेवटपर्यंत ठेवा, उघडा भाग एक-दोन सेंटिमीटरहून जास्त नको. पॅडवर आयर्न दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका, नाही तर तांब्याचं पॅडच उखडून येतं.

हबमध्ये किती करंट?

आपला व्हायवाचा आवडता प्रश्न! यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देऊ शकतो. त्यातले १०० पर्यंत हब स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेले चार पोर्टना प्रत्येकी १०० या हिशेबाने वाटतो. म्हणूनच बाहेरून वीज न घेणाऱ्या हबला चारच पोर्ट असतात. पेन ड्राइव्ह जोडला जाताना "मला इतका करंट लागेल" असं सांगतो. काही ड्राइव्ह २०० किंवा ३०० मागतात, तेव्हा कॉम्प्युटर "पॉवर पुरत नाही" म्हणून त्यांना नाकारू शकतो. म्हणून तिजोरीत भारंभार नको, दोनच ड्राइव्ह बरे, आणि तेही आधी हबला बाहेरच लावून चालतात का ते बघून.

प्रत्यक्ष करंट मोजायचा असेल तर मल्टिमीटर लाल वायरीत सिरीजमध्ये, १० अँपिअरच्या रेंजवर लावा. मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटरच्या आतल्या रोधावरच व्होल्टेज पडतं आणि ड्राइव्ह बंद-चालू होत राहतो.

बसवणी

हबचं प्लॅस्टिक काढून फक्त बोर्ड घ्या. धड असलेला पेन ड्राइव्ह थेट त्याच्या सॉकेटमध्ये बसतो, तुटका चार वायरींनी जोडायचा. डिस्कचा बेस ॲल्युमिनियमचा आहे, हे विसरलात तर पहिल्याच झटक्यात शॉर्ट. तळाला जुन्या जर्नलचं प्लॅस्टिक कव्हर कापून अंथरा, बोर्डांना टेप गुंडाळा, झाकणाच्या आतूनही टेप लावा.

बाहेर जाणाऱ्या केबलसाठी ड्रिल लागत नाही. हेडची रिबन जिथून सर्किट बोर्डाला भिडते तिथे बेसमध्ये आयताकृती खिडकी असते, बारीक केबल तिथून निघते. आतल्या बाजूने केबलला टाय घट्ट आवळा, म्हणजे बाहेरून ओढ बसली तरी टाके तुटणार नाहीत. झाकणावर श्वासाचं छोटं छिद्र असेल तर आतला फिल्टर काढून पेन ड्राइव्हचा एलईडी बरोबर त्याखाली आणा. कॉपी चालू असली की मेलेल्या डिस्कमधून दिवा लुकलुकतो. आमच्या विंगमध्ये पहिल्या रात्री तेवढंच बघायला वीस जण येऊन गेले.

लॅपटॉपला लावण्यापूर्वी लाल आणि काळ्या वायरीमधला रोध मोजा. शून्याजवळ आला तर कुठे तरी शॉर्ट आहे, शोधा. पहिली चाचणी कुणाच्या नव्या लॅपटॉपवर नको.

तिजोरीवर किती भरवसा?

गेल्या वर्षांचे पेपर, लॅब मॅन्युअल, डेटाशीट असं सामान आम्ही एका ड्राइव्हवर ठेवतो आणि त्याचीच नक्कल दुसऱ्यावर. पण दोन्ही ड्राइव्ह एकाच डब्यात, एकाच वायरीवर आहेत. डबा हरवला, कुणी चहा सांडला किंवा व्होल्टेजचा झटका बसला, तर दोन्ही एकदम जातील. तेव्हा याला बॅकअप म्हणू नका. जाणकारांचा साधा नियम आहे: महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. प्रोजेक्ट रिपोर्टसाठी याचा अर्थ एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, एक स्वतःच्या ई-मेलवर. खर्च शून्य.

शिवाय फ्लॅशमधला कोंडलेला भार वर्षानुवर्षे हळूहळू गळतो आणि प्रत्येक पुसून-लिहिण्याने पेशी झिजते. आमचे ड्राइव्ह आधीच म्हातारे आहेत. सेमिस्टरला एकदा सगळ्या फाइल्स उघडून बघायच्या, असं आम्ही ठरवलं आहे.

शेवटचं

उत्साहाच्या भरात एसएमपीएस उघडायला जाऊ नका. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाले की आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथे असू शकतं. फुगलेली मोबाइलची बॅटरीही तशीच, हात लावायचा नाही. हार्ड डिस्कच्या पोटात असलं काही नाही, म्हणून पहिल्या प्रयोगाला तीच बरी.

उरलेलं काय झालं? एका चुंबकाने कॉटच्या लोखंडी दांड्यावर रूमच्या किल्ल्या धरल्या आहेत. सर्किट बोर्ड आणि स्क्रॅप कॉलेजच्या ई-कचरा संकलनाच्या खोक्यात गेलं. आणि चांगली घासलेली, वाकलेली तबकडी फर्स्ट इयरच्या मुलांना दाखवायला ठेवली आहे. हार्ड डिस्क डिलीट मारून रिकामी होत नाही, हे ती दाखवून सांगितलं की लगेच पटतं.

तुमच्याकडेही कॉटखाली एखादी पडली असेल तर या सुट्टीत काढा. टॉर्क्सचा सेट आमच्या विंगमध्ये आहे, सही करून घेऊन जा. फक्त टी-८ परत आणा, तोच सगळ्यांना लागतो.