पाळी येते कशी, आणि पिशवी काढायची घाई कशाला?

दिवाळी उलटली की मांडवगण फराट्यापासून पाटसपर्यंत उसाच्या फडात टोळ्या उतरतात. बीड-अहिल्यानगरकडच्या या बायका दवाखान्यात येतात त्या बहुधा कंबरदुखी घेऊन. शेवटची पाळी कधी आली विचारलं, तर तिशीतली बाईसुद्धा सहज सांगते, "पिशवी काढलीय, मॅडम." का काढली? "अंगावरून पांढरं जायचं. कॅन्सर होईल म्हणाले." २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या पाहणीचा आकडा आला : ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. कोयत्याला खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, आणि फडात ना आडोसा ना पाणी. तेव्हा पाळीची कटकटच नको, असं वाटणं मी समजू शकते. पण ज्या अवयवाचं काम कुणी नीट सांगितलेलंच नाही, तो काढायला बाई लवकर तयार होते, हेही तितकंच खरं.

तर काम असं. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्या हुकमाने अंडाशयात दर महिन्याला काही बीजकोश वाढू लागतात, त्यातला बहुधा एकच पुरा पिकतो. तो इस्ट्रोजेन सोडतो आणि पिशवीचं आतलं अस्तर जाड होतं. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बीज बाहेर पडतं. मागे उरलेल्या कोशातून प्रोजेस्टेरॉन पाझरतं आणि अस्तर गर्भ रुजण्याजोगं होतं. गर्भ राहिला नाही, की तो कोश सुकतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तराच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वरचा थर गळतो. तीच पाळी. महिनाभर साचलेली घाण वगैरे काही नसते त्यात. बोट कापल्यावर येतं तेच रक्त, सोबत अस्तराचे तुकडे आणि स्राव.

मग गोठ्यातल्या गाई-म्हशींना पाळी का येत नाही? दौंडच्या शाळेत एका मुलीने मला हे विचारलं होतं. प्रश्न अव्वल होता. गाय माजावर येते, सोट टाकते, पण तिची गर्भपिशवी गर्भाचा निरोप आल्यावरच पुढची तयारी करते. माणसात ही तयारी निरोपाची वाट न पाहता दर महिन्याला होते आणि वाया गेली की गळते. माकडांच्या बऱ्याच जातींत आणि काही वटवाघळांतही असंच होतं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपण लेकींना बाजूला बसवतो.

अस्तर गळताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, पिशवी आवळते आणि कळा येतात. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी ही रसायनंच कमी करते, म्हणून ती कळ सुरू होतानाच, जेवून घ्यावी. लोळायची वेळ येईपर्यंत थांबू नये. दमा किंवा अल्सर असेल तर मात्र आधी विचारा. पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या म्हणजे बाहेरून दिलेलं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध. ते चालू आहे तोवर अस्तर टिकतं, बंद केलं की दोन-तीन दिवसांत गळतं. रक्ताची गुठळी किंवा यकृताचा आजार होऊन गेलेल्यांनी त्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत.

२१ ते ३५ दिवसांनी पाळी आली आणि दोन ते सात दिवस राहिली, तर काळजी नाही. वयात आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होते, कारण बीज दर महिन्याला सुटतंच असं नाही. पंधरा पूर्ण होऊनही आली नसेल तर मुलीला दाखवा. तासा-तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, आठवडा उलटूनही थांबत नसेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी करून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला, तेव्हा "बाईच्या जातीला चालायचंच" म्हणून अंगावर काढू नका.

जास्त जाणाऱ्या पाळीवर आधी औषधं असतात, तांबीसारखी, पण कॉपरऐवजी हार्मोन असलेली साधनंही असतात. पिशवीतल्या मोठ्या गाठी, कॅन्सर, कशालाच न जुमानणारा रक्तस्राव यांत पिशवी काढावी लागते, आणि तेव्हा ती काढावीच. पण पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं, औषधाने बरं होणारं दुखणं. काही वेळा नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. शिवाय पिशवीबरोबर अंडाशयही गेले तर तिशीतच अंगाची आग आग होते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. म्हणून सही करण्याआधी विचारा : नेमकं काय काढणार? आणि दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा.

कॅन्सरची शंका खरी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर एकदाच झालं म्हणून सोडू नका. त्याच आठवड्यात शिरूर किंवा दौंडच्या सरकारी रुग्णालयात तपासून घ्या.